भांडी वाजवणारी मशीन

फाँडंट लाटायची मशीन घ्यायला मी नांदेडला निघाले, तेव्हा दुकानात विचारायचा माझा एकच प्रश्न होता, आणि तोच विचारायची लाज वाटत होती. मशीन चालू केल्यावर टेबल हलतं का?

मी लातुरात केक करते. क्लासेसच्या भागात, म्हणजे जिथं दर दुसऱ्या इमारतीवर गुलाल लावलेल्या पोरापोरींचे भलेमोठे फोटो टांगलेले असतात, तिथं. डॉक्टर व्हायचं म्हणून घरापासून लांब राहिलेल्या लेकरांचे वाढदिवस, निकालाचा जल्लोष, आणि केक कुठलाही असो, वर साखरेचा स्टेथोस्कोप पाहिजेच. हे सगळं फाँडंटचं काम. फाँडंट म्हणजे साखरेची कणीक म्हणा. मळायची, पातळ लाटायची आणि सुरकुती पडू न देता केकवर चादरीसारखी अंथरायची. चपाती जाडबारीक झाली तर घरचे मुकाट खातात. फाँडंट जाडबारीक झालं की फाटतं, आणि गिऱ्हाईक फोटो काढून सगळ्या गावाला दाखवतं.

माझा उजवा हात लाटायच्या लायकीचा राहिला नव्हता. त्र्याण्णवच्या भूकंपात तो भिंतीखाली सापडला होता, तेव्हा मी दुसरीत होते. हाड कसंबसं जुळलं, पण खांद्यापासून अंगठ्यापर्यंत एक कळ कायमची राहायला आली. पोळपाटावर जोर दिला की ती उठते आणि मग रात्रभर बसून राहते. डॉक्टर म्हणाले, लाटणं थांबवा, नाहीतर एक दिवस मूठ मिटणार नाही. तेव्हापासून सकाळी डोळे उघडायच्या आधी मी मूठ मिटून बघायची. मिटेपर्यंत श्वास घ्यायची नाही.

आमच्या ह्यांचं, म्हणजे हरिओमचं म्हणणं, केकच सोड. हे एका क्लासमध्ये पोरांच्या हजेरीचं काम बघतात, त्यांना कुणाचंही नाव खोडणं सोपं वाटतं. मी म्हटलं, केक सोडून काय तुमची हजेरी मांडत बसू? आणि मी नांदेडच्या एसटीत बसले. अहमदपूर येईपर्यंत मनाशी ठरवलं होतं, हातानं फिरवायची मशीन घ्यायची. आवाज नाही, धडधड नाही.

नांदेडचं दुकान रत्नम्मा नावाच्या बाईचं. मूळ देगलूरकडची, बोलता बोलता मधेच तेलुगूत शिरते. तिनं दोन्ही मशीनी काढून ठेवल्या. पहिली छोटी, टेबलाला कसायची. दोन रूळ, बाजूला दांडा. दांडा उजवीकडं. तो डावीकडं बसवता येईल का, असं विचारलं तर न्हाई म्हणाली. मी फाँडंटचा गोळा रुळात धरला आणि दांडा फिरवला. दुसऱ्या फेऱ्यातच कळ अशी आली की दांडा सोडून हात पोटाशी धरावा लागला. रत्नम्मानं पाणी दिलं.

दुसरी विजेवरची. जाडी किती पाहिजे त्यावर चकती फिरवायची, बटण दाबायचं, गोळा एका बाजूनं सोडायचा. दुसऱ्या बाजूनं फाँडंटचा पदर निघाला, इतका एकसारखा की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण तोवर टेबल घुरघुरायला लागलं होतं. मागच्या फळीवरच्या इसेन्सच्या बाटल्या एकमेकींना लागून वाजायला लागल्या. पुढचं मला आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी दुकानाच्या पायरीखाली रस्त्यावर उभी होते, चपला आत.

रत्नम्मानं मशीन बंद केली आणि बाहेर आली.

"किल्लारीकडच्या का तुम्ही?"

मी मान हलवली.

"हात पाहिजे का झोप पाहिजे, ते तुम्हीच ठरवा बाई. दोन्ही देणारी मशीन माझ्याकडं न्हाई."

इकडे आड, तिकडे विहीर. मी परत आत जाऊन त्या बंद मशीनसमोर स्टुलावर बसले.

लोकांना वाटतं, आम्ही आवाजाला भितो. आवाजाला नाही भीत मी. आमच्या गावात मोठा भूकंप यायच्या आधी वर्षभर भांडी वाजत होती. मांडणीवरची ताटं थरथरायची, हंड्यावरचा तांब्या खणखणायचा. पहिल्या वेळी सगळा गाव रानात पळाला होता. दुसऱ्या वेळी अर्धा. मग कंटाळा आला लोकांना. पुढं पुढं भांडी वाजली की आई नुसता तांब्यावर हात ठेवायची, दंगा करणाऱ्या लेकराच्या डोक्यावर ठेवतात तसा. आणि माझे वडील, किशनराव, कुशीवर वळून म्हणायचे, "वाजत्यात तर वाजू द्या." गणपती बोळवून आलो त्या रात्रीही ते असंच म्हणाले. नंतर छपरावरच्या माळवदाची सगळी माती आमच्यावर आली. वडील त्याच कुशीवर सापडले.

म्हणून मी भिते ती सवयीला. भांडी वाजली की पळायचं, एवढं एकच शहाणपण मला त्या घरातून मिळालं. आमचे हे म्हणतात, दुधानं तोंड पोळलंय, ताक पण फुंकून पिते. पिते. लातुरात तळमजल्याचं घर मी हट्टानं घेतलं, वर दोन मजले पोरींचं हॉस्टेल असलं तरी. दाराजवळ कधी काही ठेवू दिलं नाही. आणि आता तीच भांडी रोज वाजवणारी वस्तू मी माझ्या हातानं घरात नेणार होते.

नेली. हातानं ठरवलं, डोक्याला विचारलं नाही. रत्नम्मानं खाली घालायला रबराची जाड चटई दिली आणि हिनं थोडा फरक पडेल म्हणाली. थोडाच पडला.

आमच्या घरात ओट्याचीच फरशी पुढं भिंतीत गेलेली आहे आणि त्याच भिंतीला मांडणी ठोकलेली. मशीन लावली की वाट्या किणकिणायच्या. पहिले काही दिवस दर वेळी माझे पाय दाराकडं वळायचे आणि बटण बंद करून मी घाम पुसायची. माझी मुलगी उर्वी अकरावीला आहे, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. तिचं नाव ह्यांनी ठेवलं. उर्वी म्हणजे पृथ्वी, हे मला बारसं झाल्यावर कळलं, आणि मी आठ दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. तर उर्वी आतल्या खोलीतून वैतागायची, आई बंद कर की, वाचायले मी. तिच्या पिढीला भूकंप म्हणजे पुस्तकातला दोन मार्कांचा प्रश्न. त्यात तिचा दोष नाही, पण मला राग यायचा.

मग हात बरा व्हायला लागला. खोटं कशाला बोलू, फार सुख वाटलं. कळ येईना झाली. रात्री झोप लागायला लागली. एके दिवशी वेणी मी स्वतःची स्वतः घातली, उजव्या हातानं पेड धरून. आणि त्याच आठवड्यात केव्हातरी लक्षात आलं की मशीन चालू आहे, वाट्या वाजताहेत आणि मी गाणं गुणगुणते आहे. हातातला फाँडंटचा पदर तसाच राहिला. आईचा तांब्यावर ठेवलेला हात डोळ्यांपुढं आला. इतकी भीती मला दुकानातही वाटली नव्हती.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, चांगलंय की, भीती गेली. माणूस शहाणा असून कधी कधी किती बावळट असतो.

त्यानंतर निकालाचे दिवस आले. सकाळी उजाडताच मी मोठ्या ऑर्डरला लागले. एका क्लासचा तीन थरांचा केक होता, दहाच्या आत पोचवायचा. हे दूध आणायला गेले होते. मशीन मी नुकतीच पुसली होती आणि फाँडंट मळून झाल्यावर लावू म्हणून वायर गुंडाळत होते. तेवढ्यात वाट्या वाजल्या.

आणि माझा उजवा हात बटणाकडं गेला. मशीन बंद करायला.

त्याच क्षणी आतून उर्वीचा आवाज आला, नेहमीसारखाच वैतागलेला.

"आई, बंद कर की गं ती मशीन."

वायर माझ्या डाव्या हातात होती.

मी कशी पळाले ते सांगता येणार नाही. उर्वी पलंगावर आडवी पडून वाचत होती, मांडणीवरचं एक ताट खाली आपटलं तरी मान वर न करता. मी उजव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि तिला ओढलं. पुस्तकासकट, पांघरुणासकट. दारातून, पायरीवरून, गल्लीत. वरच्या हॉस्टेलच्या पोरी ओरडत जिन्यावरून येत होत्या. समोरच्या खांबावरच्या तारा झुलत होत्या. मग हळूहळू थांबल्या. दूर कुठंतरी भूकंपाचं केंद्र होतं म्हणे, नंतर बातम्यांत सांगितलं. आमच्याकडं एक भांडंसुद्धा फुटलं नाही.

उर्वी माझ्याकडं बघत होती. आधी चिडून, मग तिला कळलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"मला वाटलं, तूच आहेस," ती म्हणाली.

मी तिला एक लगावली आणि जवळ ओढून धरलं. तिच्या मनगटावर माझी पाचही बोटं उमटली होती. एवढं घट्ट मी कितीतरी वर्षांत काही धरलं नव्हतं. महिनाभरापूर्वी ती त्या हातातून सुटली असती, हे मला तिथं गल्लीत उभ्या उभ्या कळलं, आणि मशीनला दोष द्यावा की दुवा तेच कळेना.

हे धावत आले, किटली तशीच हातात. आल्या आल्या म्हणाले, ती मशीन आजच्या आज परत करू. मी म्हटलं, करा, आणि हाताला काय सांगू? केक तर द्यायचाच होता. लोक घरात परतले तशी मीही आत गेले, भांडी जागेवर लावली आणि वायर बोर्डात खोचली. हात बटणावर ठेवून एकदा उघड्या दाराकडं बघितलं. मग बटण दाबलं.

वाट्या वाजल्या. आणि गल्लीतून, पायरीवर पुस्तक घेऊन बसलेल्या पोरीचा आवाज आला, या वेळी वैतागलेला नव्हता.

"आई, तूच ना?"

तेव्हापासून ती दर वेळी विचारते. गोळा रुळात असतो, बोटांना मशीनची थरथर लागत असते, तरी मी लगेच उत्तर देत नाही. आधी वाकून वायर बघते. मग म्हणते, "हाव. मीच हाय."