सेल्लम्माची हजेरी

मी मराठीत सांगितलं होतं. हिंदीत सांगितलं होतं. शेवटी जनीने हातवारे करून दाखवलं. सोमवारी दहा वाजता रिसॉर्टचा माणूस वही घेऊन येणार. तो परत जाईपर्यंत तुम्ही दोघींनी मागच्या पडवीत बसून नारळ खवायचे, पुढे फिरकायचं नाही. योगराणी हो म्हणाली. तिची सासू सेल्लम्माही हो म्हणाली. फक्त ‘वही’ म्हटल्यावर दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मला कुठली एवढी अक्कल.

मी गंगा. मारुती मंदिराजवळ माझा गाळा आहे, नऊ वर्षं शिरवाळी विकते. तांदळाच्या उकडीचे गोळे उकळायचे आणि गरम आहेत तोवर लाकडी साच्यातून दाबायचे, खाली शेवया पडतात. वर नारळाचा रस, गूळ घालून. एकीने साचा धरायचा, दुसरीने दाबायचं. गोळे गार झाले की संपलं, मग साच्यावर हत्ती बसवला तरी शेवई पडत नाही.

जनी पहिल्यापासून माझ्याबरोबर. या दोघी गेल्या वर्षी आल्या. मूळच्या श्रीलंकेच्या तमिळ. लढाईत घर गेलं, होडीतून इकडे उतरल्या आणि पुढची सतरा वर्षं तामिळनाडूत निर्वासितांच्या छावणीत काढली. योगराणीचा नवरा मिरकरवाड्याला मासळीच्या कामावर लागला, तेव्हा रीतसर कागद करून रत्नागिरीला आल्या. इथल्या पोलीस ठाण्यात नोंद आहे, सगळं आहे. काम मागायला आल्या त्या दिवशी सेल्लम्माने माझा साचा उचलला, उलटसुलट करून बघितला आणि मला बाजूला सारून शिरवाळी पाडायला लागली. त्यांच्याकडे हाच पदार्थ रोज सकाळी करतात म्हणे. फक्त माशाच्या आमटीबरोबर खातात. माझा गुळाचा रस बघून ती बाई नाक मुरडते. माझ्या गाळ्यात, माझ्याच रसाला.

तर रिसॉर्ट. पावसच्या रस्त्याला नवीन झालंय. त्यांना मे अखेरपर्यंत रोज शंभर माणसांची न्याहारी हवी होती. ती मिळाली तर चौघींना काम होतं. नाही मिळाली तर गाळ्यावर दोघींपुरतंच काम उरत होतं आणि या दोघींना मला ‘उद्यापासून येऊ नका’ सांगावं लागणार होतं. साधा हिशोब. पण रिसॉर्टवाल्यांची अट अशी की काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव यादीत हवं, आधार कार्ड हवं. यांच्याकडे आधार नाही, छावणीचं कार्ड आहे. ते बघून त्यांच्या साहेबाने शंभर शंका काढल्या असत्या. म्हणून मी ठरवलं, आम्ही दोघीच आहोत म्हणून सांगायचं. खोटं बोलायची मला हौस नाही. पण यांच्याचसाठी यांना लपवत होते ना मी.

सोमवारी विनीत म्हणून मुलगा आला. मंडणगडकडचा, बोलायला चांगला. मी साचा धरला, जनीने दाबायला घेतलं. पहिला घाणा झकास पडला. विनीतने वास घेतला, वा म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. मग त्याने काखेतली लांब वही काढली, उघडली आणि विचारलं, “मावशी, कामाला किती जणी?”

“दोघी,” मी म्हटलं.

मागचं दार वाजलं. सेल्लम्मा आली. हात धुतलेले, पदर नीट घेतलेला, प्लास्टिकच्या पिशवीतलं कार्ड दोन्ही हातांत धरलेलं. मागोमाग योगराणी, तिचंही कार्ड हातात. दोघी भिंतीला लागून उभ्या राहिल्या, एकीमागे एक, नजर समोर.

मी डोळे वटारले. “योगराणी, नारळ खवायचे राहिलेत.” ती हलली नाही. मी जवळ गेले, दंडाला धरलं, दबक्या आवाजात म्हटलं, “मेली, मागे जा.” दंड लाकडासारखा ताठ. तिने माझ्याकडे न बघता तिच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, “अक्का, वही आली की लपायचं नसतं. नाव कापतात.”

हे मला माहीत होतं, हेच तर. तिनेच एकदा सांगितलं होतं. छावणीत ठरल्या दिवशी साहेब येतो, वही उघडतो, नाव पुकारतो. समोर उभं राहून ‘उळ्ळेन’ म्हणायचं, म्हणजे ‘आहे मी’. तसं कुणी म्हटलं नाही की त्याचं नाव कापलं, तांदूळ बंद. सेल्लम्मा एकदा तापाने फणफणली होती, उठताच आलं नाही तिला. नाव कापलं गेलं. परत चढवायला वर्ष गेलं, आणि ते वर्ष ती सुनेच्या ताटातलं जेवली. हे सगळं ऐकून मी तेव्हा हळहळले होते, आणि सोमवारी त्याच बाईला सांगत होते की वही आली की लप. काय म्हणावं मला.

“मावशी, या कोण?” विनीतने विचारलं. मग माझा चेहरा बघून तोच हळू म्हणाला, “शेजारच्या आहेत म्हणा. मी दोनच लिहितो. आत्ता सही करतो, उद्यापासून सुरू.”

चांगला मुलगा, खरंच. एक शब्द बोलायचा होता मला. शेजारच्या. मी सेल्लम्माकडे बघितलं. ती त्याच्या पेनाकडे बघत होती. त्या पेनाशिवाय तिला काही दिसत नव्हतं, मी नाही, जनी नाही, पातेल्यात गार होत चाललेले गोळेही नाहीत. मला असा संताप आला. तिचा, छावणीचा, आधार कार्डाचा, माझा.

“चार लिहा,” मी म्हटलं.

“मग वर विचारावं लागेल.”

“विचारा.”

त्याने लिहिलं. नावं पुकारल्यावर दोघी ‘उळ्ळेन’ म्हणाल्या, कार्डं पिशवीत घातली आणि लगेच कामाला लागल्या. पण गोळे गार झाले होते. साच्यातून तुकडे पडले. विनीतने लाजेखातर दोन चमचे खाल्ले आणि कळवतो म्हणून गेला. चौथ्या दिवशी फोन आला. न्याहारी दुसरीकडून घेताहेत, तो म्हणाला, आणि वर माफीही मागितली.

मी दिवसभर भांडी आपटली. संध्याकाळी मनाशी वाक्य जुळवून पडवीत गेले, उद्यापासून येऊ नका म्हणायला. सेल्लम्मा काहीतरी बोलली. योगराणीने सांगितलं, “आई विचारते, आपली नावं लिहिली ती वही कुठंय?”

“रिसॉर्टला,” मी म्हटलं.

“मग इथली?”

इथली कसली वही, कप्पाळ माझं. मी तशीच उठले, कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी वही आणली आणि तिच्या पुढ्यात टाकली. घे बाई. जे बोलायला गेले होते ते राहूनच गेलं. वहीत नाव घालून वर कसं सांगणार, नको येऊ म्हणून.

तेव्हापासून रोज सकाळी हा तमाशा. हजेरी झाल्याशिवाय सेल्लम्मा साच्याला हात लावत नाही. पहिल्याच दिवशी तिने माझ्याकडे बोट करून विचारलं, हिचं? म्हणून सगळ्यात वर माझं नाव. मीच पुकारायचं, मीच उळ्ळेन म्हणायचं. गिऱ्हाईकं हसतात, जनी तर खिदळते. योगराणी आता पहाटे जेटीवर शिरवाळी आणि माशाची आमटी घेऊन जाते, खलाशी खातात. चौघींचं कसंबसं निभतं. कसंबसंच.

गेल्या आठवड्यात मी तापाने पडले. जनीला फोन करून सांगितलं, आज मी येत नाही. तासाभराने दारात सेल्लम्मा. एकटी कधी रस्ता न ओलांडणारी बाई मारुती मंदिरापासून नाचणे गावातल्या माझ्या घरापर्यंत विचारत विचारत चालत आली होती. काखेत वही. माझ्या खाटेशी बसली, वही उघडली, मराठी वाचता येत नाही, पण सगळ्यात वरची ओळ माझी हे पाठ, तिथे बोट ठेवलं आणि म्हणाली, “गंगा.”

“अगो, गाळा माझा आहे,” मी म्हटलं. “माझं नाव कोण कापणार?”

तिला एक अक्षर कळलं नाही. बोट तिथेच. घसा बसलेला, उठवत नव्हतं, तरी कोपरावर टेकून म्हटलं, “उळ्ळेन.” तिने पेन हातात दिलं, माझ्याकडून खूण करून घेतली, वही मिटली. आणि मग माझ्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला.