गादीला आवळलेला पट्टा

मी रबरी पट्टा बोलतोय, पायाच्या व्यायामाचा. हसलात? हसून घ्या. हिरवा, वीतभर रुंद आणि फुकट मिळालेला. फुकटच्या वस्तूची काय किंमत असते, ते मला विचारा.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. लांबलचक गुंडाळीतून मला कापलं आणि एका फिजिओथेरपिस्ट बाईंच्या कपाटात ठेवलं. तिथून मी ज्या मुलीच्या हातात पडलो, तिला अग्निशमन दलात जायचं होतं. वयाच्या अटीत बसणारी तिची ही शेवटची भरती. पळण्याची चाचणी तेवढी उरली होती, आणि नडगी ठणकत होती.

बाईंनी तिला आणि तिच्या बाबांना समोर बसवून सांगितलं, "अंतर एकदम वाढवलंत, त्यात बूट झिजलेले. हाडाला सावरायला वेळच मिळाला नाही. काही आठवडे पळणं बंद. पोहायला जा, सायकल चालव. दुखायचं थांबलं की रोज हा पट्टा ताणायचा, मग हळूहळू पळायला लागायचं. भरतीपर्यंत होशील बरी."

बाबा वेल्डर. काम करकरून हाताला घट्टे पडलेले. त्यांना वाटे, हाडालाही तसेच पडतात. घरी येताच मला दोन बोटांत उचलून म्हणाले, "गोळी नाही, इंजेक्शन नाही, आणि हे लेंग्याचं इलॅस्टिक! अगं, दुखतंय म्हणजे पाय तयार होतोय."

"बाबा, आठ दिवस थांबू का?"

"थांबणारे थांबतात, बाकीचे भरती होतात."

बाप वाईट नव्हता हो. रोज तिच्याबरोबर मैदानावर जायचा, पाण्याची बाटली धरून उभा राहायचा. माया होती, ऐकून घ्यायची तयारी नव्हती. माझ्या नशिबी पाहुण्यांची गादी आली. तिची गुंडाळी सुटू नये म्हणून मला तिच्याभोवती आवळलं आणि माळ्यावर टाकलं. वरून मला सगळं दिसायचं. पोरगी लंगडत घरात यायची. बाबांनी विचारलं की म्हणायची, "काही नाही, ठीक आहे." दुखतंय म्हटलं तर काय ऐकावं लागतं, ते तिला पाठ झालं होतं.

चाचणीत शेवटच्या फेरीला ती कोसळली. नडगीचं हाड तडकलं होतं. पायाला प्लास्टर आलं, भरती गेली ती गेलीच.

प्लास्टर निघाल्यावर बाईंनी पट्ट्याची चौकशी केली, तेव्हा घरादाराला माझी आठवण झाली. आता मला पुसून ठेवतात, उन्हात पडू देत नाहीत. वरातीमागून घोडं, दुसरं काय. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद खुंटीवर लोंबत असेल. पाय धड आहेत तोवर त्याला हात लावा, आणि दुखणारा माणूस बोलायला लागला की आधी ऐकून घ्या.

आज बाबा जमिनीवर बसले. माझं एक टोक त्यांनी हातात धरलं, दुसरं तिच्या पावलात अडकवलं. "दुखलं की लगेच सांग हं, बाळा."

"सांगायची सवय तुम्हीच मोडलीत, बाबा," ती म्हणाली.

तिनं पाय काढून घेतला. बाबा अजून माझं टोक धरून बसलेत.