आवाजाला सुट्टी

संघरत्नाने कुकर गॅसवरून उतरवला, ओढणीला हात पुसले आणि ती कॉटवर चढून उभी राहिली. जमिनीवरून वाचलं तर बातम्या टीव्हीवरच्या बाईसारख्या वाटत नाहीत, असं तिचं ठाम मत होतं.

“पप्पा, बघा हां. सुरू करते.”

मिलिंदने बुटाची नाडी सोडता सोडता मान वर केली. राहनाळच्या गोदामाच्या गेटवर बारा तासांची ड्युटी करून तो नुकताच आला होता.

“व्याजदर जैसे थे, घर घेणाऱ्यांची निराशा. युद्धात होरपळणाऱ्या देशाला मित्रराष्ट्रांकडून आणखी शस्त्रं. आणि पडद्यावरच्या नायिकेचा पिवळा कोट आता प्रत्येकीला हवा!”

“इकडं बघून बोल. कागदात तोंड घालू नको.”

तिने मान उचलून तिन्ही बातम्या सविस्तर वाचल्या. तालुक्याची वृत्तवाचन स्पर्धा परवावर आली होती. प्रत्येकाला तीन मिनिटं आणि तीन बातम्या : एक पैशांची, एक परदेशातली, एक मनोरंजनाची.

“शस्त्रं देतात ती फुकट?” मिलिंदने विचारलं.

“मदत म्हणून देतात, पप्पा.”

“आणि भांडण मिटवायला मदत कोण देतो?”

“ते बातमीत नाहीये.”

“मग ठीक. झकास.” तो हात धुवायला उठला. “ते पिवळे कोट तर आमच्याकडं गठ्ठ्यांनी परत येतात. ऑनलाइन मागवतात, घालतात, फोटो काढतात, पाठवून देतात.”

झकास. काल झकास, परवा झकास. परिपाठाच्या वेळी ती बातम्या वाचायला लागल्यापासून दहावीची मुलंसुद्धा तिला जिन्यात वाट देत होती. ती कुणालाही काहीही विचारू शकत होती, अगदी मुख्याध्यापकांनासुद्धा. पण घरी आलं की हे सगळं सांगायला समोर एकच माणूस होता, आणि त्याच्याकडे एकच शब्द होता. आई, मंदा, ठाण्याला एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायला राहिली होती; एका रविवारआड घरी यायची. तिचा फोन आला की मिलिंद तो लगेच संघरत्नाच्या हातात द्यायचा. “तूच बोल. मला फोनवर सुचत न्हाय.”

जेवताना ती म्हणाली, “परवा याल ना? सगळ्यांच्या घरचे येणार आहेत.”

“ड्युटी हाय.”

“एक दिवस, पप्पा.”

“हॉलमध्ये काय वेगळं? इथं बघितलं की.”

तिला एवढंच हवं होतं, की त्याने एकदा म्हणावं, रत्ना, तुझा आवाज चांगला आहे. आवाज. नुसतं झकास नाही. भांडी घासताना तिने आईला फोन लावला. तिकडून म्हातारीच्या हाका ऐकू येत होत्या. “नंतर बोलू, बाळा,” आई म्हणाली. संघरत्नाने उरलेली गोष्ट नळाला सांगितली.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिचा आवाज बसला. बसला म्हणजे पार बसला. तोंडातून नुसती हवा.

“गेली बातमीवाली,” मनिषा म्हणाली. ही तिची बाकावरची मैत्रीण, वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरून एसटीने यायची. “मी सांगत व्हते ना, एवढं बोलू नको? आता दोन दिवस वर्गाला आराम.”

संघरत्नाने तिला कोपर मारलं.

नरेंद्र सरांनी तिला घसा दाखवायला लावला आणि खडीसाखर दिली. “आज आवाजाला सुट्टी. घरी सराव करायचा तर आवाज न काढता, नुसते ओठ हलवायचे. नजर वर ठेवायची, ते तुला सांगायला नको. तेवढं एक तुझ्यासारखं कुणाला जमत नाही.”

संध्याकाळी मिलिंद आला तेव्हा ती कॉटवर तयार होती. घसा बसल्याचं खुणेने सांगावं असं तिच्या मनात आलं होतं, पण तो बूट काढत होता आणि तीन मिनिटांचं घड्याळ तिने आधीच लावलं होतं. तिने सुरुवात केली. ओठ पूर्ण उघडत, शब्द नीट तोडत, अजिबात आवाज न करता. खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी हिंदीत हुज्जत घालत होतं. व्याजदर, शस्त्रं, कोट. तीन मिनिटांच्या आत सगळं बसलं.

“झकास,” मिलिंद म्हणाला. “पण व्याजाचं आज भराभर घेतलंस. त्यात टक्के येतात, तिथं हळू.”

संघरत्नाने आपल्या घशाला हात लावला.

मग ती खाली उतरली, त्याच्या पाठीमागून मोरीपाशी गेली आणि तिने स्टीलचं ताट हातातून सोडून दिलं. ताट फरशीवर गिरक्या घेत बराच वेळ वाजत राहिलं.

“काय गं पडलं?” भिंतीपलीकडून रंगूबाई ओरडल्या.

मिलिंद मोज्यांची घडी घालत होता. त्याने एकावर एक नीट ठेवले आणि बुटात सारले.

त्याला जरा कमी ऐकू येतं हे तिला माहीत होतं. गेटवर लागण्याआधी बावीस वर्षं तो कापडाच्या कारखान्यात लूम चालवायचा, आणि लूमवाल्या सगळ्यांनाच कमी येतं. त्याचा लूमवरचा जोडीदार कोंडूकाका आणि तो रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहून, मधून ट्रक जात असताना, आवाज न काढता गप्पा मारायचे. लूमच्या खडखडाटात शिकलेली ती सवय, ओठ बघून बोलणं समजायची. लहानपणी ती मैत्रिणींना ते गमतीने दाखवायची. जरा कमी, एवढंच तिला माहीत होतं.

इकडं बघून बोल.

तिने ताट उचललं. समोर जाऊन, त्याचे डोळे आपल्यावर येईपर्यंत थांबून, ओठ हलवले : उद्या याच. तिसऱ्या ओळीत बसा.

मिलिंदने तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. “बदली माणूस भेटतो का बघतो,” तो म्हणाला.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. गेटवरचा माणूस म्हटलं की त्याला ट्रकचा हॉर्न ऐकू यायला हवा, हे न सांगता कळण्याएवढी ती मोठी होती.

स्पर्धेच्या दिवशी आवाज अर्धा परत आला; फाटका, पण माईकजवळ चालेल असा. तिचा नंबर नववा. स्टेजवर गेल्यावर सरांनी विंगेतून खूण केली, जवळ, अजून जवळ. तिने माईकचा गोळा ओठांसमोर ओढला आणि समोर बघितलं.

तिसऱ्या ओळीत मिलिंद इस्त्रीच्या शर्टात बसला होता. त्याने मान डावीकडे झुकवली. मग उजवीकडे. मग पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून जरासा वर उठला.

संघरत्नाने माईक खाली, पोटापर्यंत दाबला.

“नमस्कार. व्याजदर जैसे थे,” ती म्हणाली. सरांनी कपाळाला हात लावला. मागून कुणीतरी “आवाज!” म्हणून ओरडलं, आणखी दोघे ओरडले, शिट्टी वाजली. ती टक्क्यांपाशी हळू झाली. परीक्षक बाई कान पुढे करून बघत होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं.

मिलिंदशेजारी बसलेल्या बाईने त्याच्या बाहीला हात लावला. तो वळला. काय म्हणतेय ती, असं तिने विचारलं.

“व्याज होतं तेवढंच राहिलं म्हणते!” मिलिंदने सांगितलं. लूम सुरू असताना बोलावं तसं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “ज्यांना घर घ्यायचं त्यांनी थांबायचं!”

हॉल हसला. मग एकदम शांत झाला. शेजारची बाई त्याला आणखी काहीतरी विचारत होती आणि तो तिच्या तोंडाकडे बघत उत्तर देत होता. टेबलावरची घंटा एकदा वाजली, म्हणजे एक मिनिट उरलं होतं.

संघरत्ना थांबली. मिलिंदचं बोलणं संपलं, त्याने मान वळवून पुन्हा स्टेजकडे बघितलं, आणि मगच तिने दुसरी बातमी सुरू केली.