बिनडागाची बाग

माझ्या धाकट्या बहिणीच्या बागेत एक भुंगा यायचा. अंगानं इतका जाडजूड, की तो बसला की सूर्यफूल वाकून मातीला नाक लावायचं, आणि तो उडाला की असं काही सटकन वर यायचं, की एकदा कुंपणावरून चाललेलं मांजर त्या फटक्यानं शेजारच्या गच्चीवर जाऊन पडलं. अजून तिथंच आहे. खाली यायचं नाव घेत नाही.

"फोटो दाखव की त्या मांजराचा," धाकटी म्हणायची.

तिची ही एवढीच वाईट खोड. मी काहीही सांगितलं की पुरावा मागायची. आणि तिनं स्वतः काही सांगितलं की तिच्याकडे फोटो असायचाच. मधमाशीच्या मांडीला लागलेले पिवळे परागकण, झिनियाच्या पाकळीखाली दबा धरून बसलेला कोळी, पोट भरल्यावर तोंड पुसणारी माशी. हो, माशी तोंड पुसते. हे मी रचलेलं नाही, मी स्वतः फोटो पाहिलाय.

बाग म्हणजे काय, घरामागचा तुकडा. दोन खाटा टाकल्या तर तिसरी उभी करून ठेवावी लागेल एवढा. एका कोपऱ्यात लिंबाचं झाड, भिंतीकडेनं सूर्यफुलं, मध्ये झिनिया आणि कॉसमॉस. तिथं एका बुटक्या स्टुलावर ती बसायची, गुडघ्यावर कोपर, डोळ्याला कॅमेरा. जवळचं टिपायची ती लेन्स फार चहाडखोर असते म्हणे, नुसता श्वास घेतला तरी चित्र हलतं. म्हणून बटण दाबायच्या आधी ही श्वास रोखून धरायची. इतका वेळ धरायची की बघणाऱ्याचा जीव कासावीस व्हायचा. "अगं, घे की आता," मी ओरडायचो, आणि फूल सोडून सगळे उडून जायचे. मग मला शिव्या.

तिचे यजमान, म्हणजे आमचे मेहुणे, लाँड्रीवाले. चौकातलं दुकान त्यांनी म्हातारपणापर्यंत चालवलं. शर्टावरचा डाग बघून हा माणूस सांगायचा, चहा उजव्या हातून सांडला की डाव्या, आणि त्या वेळी भांडण कशावरून चाललं होतं. डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. एकदा माझ्याशी बोलता बोलता त्यांनी माझ्या सदऱ्यावरचं फूल घासायला घेतलं. छापील फूल होतं हो. निम्मं गेलंसुद्धा.

अशा माणसाला बागेत सोडण्याची काही सोय नव्हती. "तुमचं राज्य उंबऱ्याच्या आत," असं धाकटीनं लग्नानंतर लगेच सांगून टाकलं होतं, आणि त्यांनी ते मानलंही होतं. फोटो मात्र ते आवडीनं बघायचे. नव्या फोटोवर बोट ठेवून म्हणायचे, "काय स्वच्छ आलाय!" त्यांच्या तोंडी याहून मोठं कौतुक नव्हतं.

इतक्या वर्षांत एक फोटो मात्र तिला मिळाला नव्हता. लिंबाच्या झाडावर दरवर्षी अळी व्हायची. आधी पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी, मग हिरवीगार, टपोरी. ती पानं खाते, फांदीला कोष बांधून आत झोपते आणि एके सकाळी कोष फाडून फुलपाखरू बाहेर येतं. अंड्यापासून कोषापर्यंतचं सगळं तिच्याकडे होतं. ते बाहेर येतानाचं तेवढं नव्हतं. एका वर्षी नेमकं दूध उतू गेलं. एका वर्षी शेजारीण पातेलं परत द्यायला आली आणि सुनेची सगळी गाऱ्हाणी सांगूनच हलली. एका वर्षी ही तिथंच बसली होती, डोळा लागला. उठते तर रिकामं टरफल, आणि साहेब वर बसून पंख वाळवताहेत.

"माझ्याशी वैर आहे त्यांचं," ती म्हणायची.

यंदाची अळी चांगली फुगली होती आणि त्याच वेळी धाकटीला दवाखान्यात न्यावं लागलं. फुप्फुसं. बरेच दिवस खोकत होती, आम्ही हवेला दोष देत होतो. मी भेटायला गेलो तर नाकाला नळी, आणि आवाज असा, की प्रत्येक शब्द कुणाकडून तरी उसना आणल्यासारखा. मी लगेच सुरू केलं, की खालच्या मजल्यावर चुकून एका पेशंटच्या पायाऐवजी टेबलाच्या पायाला प्लॅस्टर घातलं आणि आता टेबल बरं आहे. ती हसली, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि नर्सनं मला बाहेर काढलं.

परत आत गेलो तेव्हा म्हणाली, "दादा, आता ती कोषात गेली असेल."

"कोण?"

"अळी रे. आता आठवडाभरात निघेल."

"मेहुणेबुवा बघताहेत ना बागेकडे."

"मी सांगितलंय बघा म्हणून. बघतील. पण त्यांना दिसत नाही." थोडा दम घेतला. "डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला माहितीय. उगीच तोंड लपवू नकोस. मला घरी ने. चार दिवस मिळाले तरी पुरेत. एवढा एक फोटो होऊ दे."

डॉक्टरही म्हणाले, न्या घरी. ज्या सुरात म्हणाले त्या सुरावर मी आजवर एकही थाप रचू शकलेलो नाही.

तिला आणायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेलो. मेहुण्यांनी दार उघडलं. बाह्या दुमडलेल्या, चेहरा खुललेला. "या, दादा, या. आधी मागं चला."

मागं गेलो. काय सांगू! बाग नव्हतीच ती, दुकानाच्या काचेतलं लग्नाचं कापड होतं. लिंबाचं एक एक पान चमकत होतं. कुरतडलेलं पान नाही, वाळकी काडी नाही, कोळ्याचं जाळं नाही. फरशीवर एक पाकळी पडलेली नाही. मेहुण्यांनी स्पंज घेऊन पानन् पान पुसलं होतं, दोन्ही बाजूंनी.

"अहो, काय अवस्था झाली होती!" ते सांगत होते. "ती गेल्यावर सगळी पानं भोकंच भोकं. म्हटलं, ही येऊन बघेल तर काय म्हणेल. रोपवाल्याकडून औषध आणलं, पंप आणला. सकाळ-संध्याकाळ मारलं. जी पानं सुधारण्यासारखी नव्हती ती सरळ कापली. आता बघा. एक डाग दाखवा."

मी ऐकत होतो, पण त्यांच्या आवाजाशिवाय दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. त्या बागेत भर दुपारी कायम एक गुणगुण असायची. ती नव्हती.

"मेहुणेबुवा," मी म्हटलं, "इथं फांदीला एक कोष होता."

"कसला?"

"सुकलेल्या पानासारखा. धाग्यानं बांधलेला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फांदीकडे. "एक वाळकं काहीतरी चिकटलं होतं," ते हळूच म्हणाले. "खरवडून काढलं मी. का?"

मी सांगितलं. मला सांगावंच लागलं. तो माणूस उभ्या उभ्या चुरगळला. कचऱ्याची पिशवी कधीच गाडीतून गेली होती, तरी ते रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन रिकाम्या पिंपात वाकून आले. परत येऊन स्टुलावर बसले.

"तिचे फोटो मी रोज बघायचो हो," म्हणाले. "पण मला वाटायचं, ती फोटोतली पाखरं. इथले हे किडे. ती हीच, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही."

मी फांदीवरची खरवडलेली जागा बोटानं चाचपली.

"दादा, तुम्ही जन्मभर थापा मारल्यात. एक माझ्यासाठी मारा. तिला कळलं तर ती जाताना माझ्यावर रागावून जाईल."

मी रात्र घालवून थाप रचली. चांगली होती. फुलपाखरू लवकर निघालं, आदल्या सकाळीच. मी इथं चहा पीत होतो. आधी कोष काचेसारखा झाला, मग वरून उसवला, आणि ओले, चुरगळलेले पंख घेऊन ते लटकत राहिलं. पंख वाळले तसं भिंतीवरून गेलं. सगळं तिच्याच जुन्या बोलण्यातून उचललेलं. मला वाटलं, तिचंच कापड, तिलाच शिवून देतोय, कुठं उसवणार?

दुसऱ्या दिवशी तिला आणलं. उंबऱ्यावरच म्हणाली, आत नको, मागं न्या. आम्ही दोघांनी खुर्चीसकट उचलून तिला मागं ठेवलं. तिनं एकदा सगळीकडे पाहिलं. नाकपुड्या हलल्या. औषधाचा वास अजून होता, आम्हाला सवयीनं येत नव्हता एवढंच. मेहुणे तिच्या मागं उभे राहून खुर्चीची पाठ रुमालानं पुसत होते.

मी सुरू केलं. लटकणं सांगितलं, पंख सांगितले, भिंत सांगितली. ती मन लावून ऐकत होती. माझ्या कुठल्याच गोष्टीला तिनं इतकी शांतता दिली नव्हती, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"शेपट्या होत्या पंखांना?" तिनं विचारलं.

"होत्या तर! चांगल्या लांब. मोराला लाज वाटेल अशा."

"ह्याला शेपट्या नसतात, दादा."

मागची रुमालाची खसखस थांबली. धाकटीनं वळून पाहिलं नाही. समोरच्या लिंबाच्या फांद्या तिनं एकेक करून बघितल्या. मला वाटलं, आता फुटेल. जन्मभराचा एक फोटो गेला होता आणि पुढचं वर्ष तिच्या हाती नव्हतं. ती रडली असती तरी चाललं असतं, भांडली असती तर बरंच झालं असतं.

"पानं किती स्वच्छ झालीत," ती म्हणाली. "अहो, कॅमेरा द्या जरा."

त्यांनी धावत जाऊन आणला. तिनं तो मांडीवर घेतला आणि आम्ही वाट बघत बसलो. झिनिया भरभरून फुलले होते. कुणी आलं नाही. ऊन भिंतीवरून सरकलं, साधी माशीसुद्धा फिरकली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती खुर्चीत आडवीच होती, मान उशीला, ओठ निळसर. मी म्हटलं, आज आतच राहू. तिनं नुसतं बोट दाखवलं, मागच्या दाराकडे.

आम्ही खुर्ची मागं नेऊन ठेवली. मग ती म्हणाली, "नुसती फुलं काय काढायची. कुणीतरी यायला हवं त्यांच्यावर. अहो, तुम्ही या."

"मी?" मेहुणे म्हणाले.

"दुसरं कोण आहे इथं? दादा बसला तर झाड मोडेल."

ते बावचळून माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. सत्तरी ओलांडलेला तो माणूस, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, झिनियाच्या वाफ्यात गुडघे टेकून बसला. पँटला ओली माती लागली. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"वाका. अजून. नाक लावा फुलाला. हां. पंख मिटून घ्या."

"कुठले पंख?"

"कोपरं हो! आत घ्या कोपरं."

त्यांनी कोपरं आत घेतली. एवढ्या त्या दुःखात मला हसू फुटलं, आणि तिलाही. तिनं कॅमेरा उचलला. दोन्ही हातांनी धरला तरी तो पानासारखा थरथरत होता. श्वास रोखायला गेली, जमेना. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. बटण दाबलं. पडद्यावर पाहिलं.

मी मागं उभा होतो, मलाही दिसलं. नुसता एक गुलाबी आणि पांढरा फराटा.

"हललात," ती म्हणाली.

मेहुणे दगडासारखे बसले होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो, पापणीसुद्धा लवली नव्हती.

"हललो खरा," ते फुलात तोंड ठेवूनच म्हणाले. "पुन्हा घे."

तिनं पुन्हा घेतला. पुन्हा फराटा. "अहो, स्थिर बसता येत नाही का? सगळी मेहनत वाया घालवता तुम्ही."

"चुकलं माझं."

"एवढं साधं काम."

"चुकलं गं. पुन्हा घे. आता नाही हलणार."

ती रागावत राहिली, मनसोक्त, दम लागेपर्यंत, दम पुरेल तेवढी. धांदरट म्हणाली, वेंधळे म्हणाली, कधी म्हणून ऐकत नाही म्हणाली. लिंबाच्या झाडाचं मात्र नाव काढलं नाही. आणि ते प्रत्येक वेळी मान्य करत राहिले. त्यांची पाठ दुखत असणार, पायाला मुंग्या आल्या असणार. ऊन फुलांवरून उतरलं, तरी दोघंही थांबायला तयार नव्हते.

"हललात."

"हो. हललो. पुन्हा घे."