गुलाबी चिठ्ठ्यांचा रॅक

माझ्या हाताखालच्या भागीनं उंदरांना चोरून दुसरं खाद्य घातलं, म्हणे! चाचणी चालवणाऱ्या ज्ञानेश सरांनी सकाळी साडेदहाला मला केबिनमध्ये बोलावलं आणि तसा टाइप केलेला कागदच माझ्यापुढं सरकवला. म्हणून तिला कामावरून काढण्यात येत आहे, असं खाली लिहिलेलं. त्याच्याही खाली साक्षीदार म्हणून माझं नाव, रत्नाबाई. सही तेवढी बाकी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीही चिडकीच. तारापूर एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना ते ठाऊक आहे. पंधरा वर्षं मी इथल्या प्राण्यांच्या खोल्या सांभाळतेय. न पाहिलेल्या गोष्टीवर सही करायला मी काय मूर्ख आहे?

"तुम्ही पाहिलंत तिला घालताना?" मी विचारलं.

"पाहायला कशाला हवं? हा ग्राफ बघा ना!" सरांनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला.

ग्राफ मला कळतो, एवढी काही मी अडाणी नाही. एका कंपनीला नाचणीचं खाद्य बाजारात आणायचंय, 'वजन आटोक्यात ठेवणारं' म्हणून. त्यासाठी आमच्याकडं साठ पांढरे उंदीर. तिसांना नाचणी, त्यांच्या पिंजऱ्यांना गुलाबी चिठ्ठ्या. तिसांना साधं खाद्य, त्यांना निळ्या. बारा आठवड्यांची चाचणी. पहिल्या सहा आठवड्यांत नाचणीवाले असे बारीक राहिले की सरांनी सगळ्यांना पेढे वाटले. मग गेल्या दोन आठवड्यांत तेच उंदीर भराभर अंगानं भरले आणि निळ्यांच्या बरोबरीला आले.

"पिंजऱ्यांना हात लावता तुम्ही दोघीच. तुमच्यावर माझा विश्वास आहे," सर म्हणाले. "मग राहिलं कोण?"

म्हणजे जी जव्हारकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून येऊन कुंभवलीत खोली करून राहिली, जिच्या पाठीशी कुणी नाही, तीच राहिली. वा रे न्याय! एकदा असल्या कागदावर नाव चढलं की या पट्ट्यातली कुठली कंपनी तिला गेटच्या आत घेईल? मी कागद तसाच टेबलावर ठेवला आणि तडक पिंजरे धुवायच्या खोलीत गेले.

भागी वाकून पिंजरे घासत होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. तोंड सुजलेलं, पण हात थांबले नव्हते.

"खरं सांग. काय घातलंस?"

"खायला कायपण नाय घातला, रत्नाबाय. आईची आन."

"मग फुगले कसे ते?"

तिनं हात पुसले आणि बेसिनजवळच्या हात पुसायच्या कागदांकडं बोट दाखवलं. "कागद घातला. बारीक फाडून. गुलाबीवाले थंडीनं कुडकुडत, एका कोपऱ्यात गोळा होऊन बसत. आमी घरी कोंबडीच्या पिलांना टोपलीत पेंढा घालतो ना, तसा. त्याची त्यांनी घरटी केली न् गप निजली." मग जरा धीर करून म्हणाली, "आणि नागली, तुमची ती नाचणी, खाऊन कोण बारीक होतं गं? आमी जन्मभर खातो. बारीक हाय ते उपाशी राहून."

"मग दोन आठवडे मला का नाही सांगितलंस?"

"तू वरडतेस."

मी तोंड उघडलं ते ओरडायलाच. तसंच मिटलं.

उंदरांच्या खोलीत गेले. आमच्याकडं खिडक्या कायमच्या बंद, बाहेरचा केमिकलचा वास आत नको म्हणून. सगळा कारभार एसीवर. दरवाजाशेजारच्या भिंतीवरच्या थर्मामीटरवर तेवीस. रोज सकाळी मी तोच आकडा रजिस्टरात लिहिते. आज खिळ्यावरून तो थर्मामीटर काढला, समोरच्या भिंतीला गुलाबी चिठ्ठ्यांच्या रॅकवर नेऊन ठेवला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं तिथंच उभी राहिले. वर एसीचं तोंड. माझ्या मानेवर गार वारा येत होता.

अठरा.

निळ्या चिठ्ठ्यांचा रॅक दरवाजाकडं, उबेत.

आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण आनंदाचा नव्हे. कामाच्या नियमात साफ लिहिलंय, दोन्ही गटांचे पिंजरे एकमेकांत मिसळून ठेवायचे आणि दर आठवड्याला जागा बदलायची. ते मिसळलेलं मला कधी आवडलंच नाही. खाद्य घालताना गोंधळ होतो, दिसायलाही पसारा. म्हणून मी गुलाबी सगळे एका रॅकवर लावले, निळे दुसऱ्या. पाहुणे आले की सर कौतुकानं दाखवायचे, "बघा, आमच्या रत्नाबाईंची शिस्त!" आणि मी फुशारून जायचे. अगं बयो, कसली शिस्त! तीस जीव दीड महिना गारठत ठेवलेस तू.

रजिस्टर उघडलं. माझ्याच अक्षरात होतं सगळं. गुलाबीवाले पहिल्या दिवसापासून निळ्यांपेक्षा जास्त खात होते. जास्त खाऊन बारीक! थंडीत अंग गरम ठेवायलाच सगळं खाणं जळत होतं, नाचणीचा काय संबंध? रोज तोलून रोज लिहिलं आणि एकदा वाचलं नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

थर्मामीटर आणि रजिस्टर घेऊन परत सरांकडं गेले. सगळं सांगितलं, माझी चूक आधी सांगितली. वाटलं, सर हादरतील. सर उठले आणि दार लावून घेतलं.

"रत्नाबाई, हे आता उकरून काढू नका. पहिले सहा आठवडे मस्त आहेत. पुढचे दोन भागीमुळं बिघडले असं दाखवू आणि सहा आठवड्यांचाच रिपोर्ट देऊ. तुमचं नाव कुठंच येणार नाही."

"आणि तिचं?"

"तिला काय, दुसरीकडं काम मिळेल."

"डोंबल मिळेल!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेर टायपिंग थांबलं. "थंडीनं बारीक झालेले उंदीर दाखवून तुम्ही लोकांना नाचणी विकणार? आणि ज्या पोरीला ती थंडी दिसली तिलाच चोर ठरवणार? शिकलेले ना तुम्ही? दोन महिन्यांत एकदा तरी त्या रॅकपाशी उभे राहिलात?"

"आवाज खाली, रत्नाबाई. अजून रिटायर व्हायचंय तुम्हाला."

खोटं कशाला बोलू, क्षणभर तो कागद, ते पेन, सगळं सोपं वाटलं. मग भागीचं 'तू वरडतेस' आठवलं. नको तिथं इतकी वर्षं ओरडले, आज हवं तिथं गप्प बसू?

राजनंदिनी मॅडम क्वालिटी विभागाच्या. कुठलाही रिपोर्ट त्यांच्या सहीशिवाय बाहेर जात नाही. त्यांच्यासमोर बसून मी माझ्या हातानं लिहिलं: पिंजरे मी वेगळे लावले, जागा मी बदलल्या नाहीत, सरांना ते माहीत होतं, भागीनं खाद्य बदललेलं नाही. खाली सही केली. मॅडम स्वतः येऊन दहा मिनिटं त्या रॅकखाली उभ्या राहिल्या, दंड चोळत. मग सरांचा तो कागद मागवून त्यांनी उभा-आडवा फाडला.

भागीचं काम राहिलं. मला मेमो मिळाला, खोल्यांची जबाबदारी काढून घेतली. सरांना कंपनीसमोर उभं राहून चाचणी रद्द झाल्याचं सांगावं लागलं. सगळं रास्त होतं. मला वाटलं, संपलं.

शुक्रवारी मॅडमचा आदेश आला. रद्द चाचणीतले प्राणी पुन्हा वापरता येत नाहीत, म्हणून साठही संपवायचे. चाचणी संपल्यावर, चार आठवड्यांनी, तेच व्हायचं होतं, मला ठाऊक होतं. पण तेव्हा निदान कशासाठी तरी गेले असते. आता माझ्या नीटनेटक्या रंगांपायी फुकट गेले. तो राग कुणावर काढू?

पिंजरे बाहेर आणायचं काम भागीकडंच आलं. मी म्हटलं, तू बाजूला हो, मी नेते. तिनं मान हलवली. एकेक गुलाबी पिंजरा ती ढकलगाडीवर ठेवत गेली. कागदाच्या घरट्यात उंदीर गाढ झोपले होते.

शेवटचा पिंजरा ठेवून ती माझ्याकडं वळली.

"रत्नाबाय, मी कागद घातला नसता तर अजून जगली असती ना ही?"

मी तिच्यावर ओरडले नाही. ढकलगाडीची दुसरी बाजू धरली आणि आम्ही दोघींनी ती दाराकडं ढकलली.