बसला आडवी घातलेली गाडी

फिजीतल्या सुवा शहराच्या टेकडीवरून उतरताना आपिसाइमामांनी वळणावर आपली जुनी गाडी सरळ बसला आडवी घातली आणि खाली उतरले. गाडीत बसलेले तिघे शेजारी एकमेकांकडे बघत राहिले. नर्स लितिया, डालोच्या कंदांची टोपली मांडीवर घेतलेली मेरेओनी आणि शिवप्रसाद शिंपी.

"आता हे काय आरंभलं मामांनी!" मेरेओनी पुटपुटली.

मामा बसच्या दारातून आत डोकावले.

"किती माणसं आहेत?"

"तीन," ड्रायव्हर राजनेश म्हणाला. "काका, गाडी काढा ना, मागे रांग लागलीय."

"नवी कोरी बस, तीसुद्धा दर वीस मिनिटांनी. आणि तीनच? लोक चढत का नाहीत?"

"मलाच विचारता होय? शहरात गाड्या मावेनात म्हणून नगरपालिकेनं ही बस दिली. शुक्रवारपर्यंत भरली नाही तर बंद. आणि टेकडीवरचा जो तो कुणाच्या तरी गाडीत. तुमच्याच गाडीत बघा की!"

मामा परत येऊन बसले आणि गाडी बाजूला घेतली. महिनाभर हाच प्रश्न त्यांना छळत होता. रोज या वळणावर ते बसमधली माणसं मोजायचे.

"लितिया, तू बसनं का जात नाहीस? खरं सांग."

लितियानं पर्सची चेन उघडली, परत लावली.

"मला बस हवीच आहे, मामा. आईला दुपारी दवाखान्यात न्यायचं असतं. बस बंद झाली तर नवरा गाडी घेणार. म्हणजे या रस्त्यावर आणखी एक गाडी!"

"मग अडलंय कुठं?"

"बारा वर्षं तुम्ही आम्हाला नेताय. तुमच्या डोळ्यांदेखत बसमध्ये चढायचं? तुम्हाला काय वाटेल?"

"मला?" मामांनी कपाळावर हात मारला. "अगं, मला धड दिसत नाही, पाठ दुखते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी गाडी काढतो!"

शिवप्रसाद डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"कमाल झाली," मेरेओनी म्हणाली. "आपण एकमेकांचा मान राखत बसलो, आणि बस बिचारी रिकामी!"

"शिवाय मला बंदराच्या ऑफिसात जायचंच असतं," मामा घाईघाईनं म्हणाले. रोज ते हेच सांगत. त्या ऑफिसातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. त्याच वर्षी बायको गेली. तिघांना शहरात सोडलं की ते तसेच घरी परतत, आणि मग दिवस सरता सरत नसे.

"ते असू दे. उद्यापासून सगळे बसनं," त्यांनीच जाहीर केलं. "टेकडीभर सांगा." बोलले खरे, पण त्या दिवशी गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थांब्यावर ही गर्दी! मामा घरच्या चपला घालून मोजायला आले होते. एकवीस माणसं चढली. त्यांना फार बरं वाटलं. सगळे चढले तरी बस हलेना.

"मामा, चढा की!" शिवप्रसाद खिडकीतून ओरडला.

"मी? मला कुठं जायचंय?"

शिवप्रसादनं शेजारच्या सीटवरचं कापडाचं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं.

"तीन वर्षं आमच्याबरोबर जिथं जात होता, तिथंच."