मान खाली घालून

डाव्या डोळ्यातला पडदा सुटला तेव्हा पडदेवाल्या काकू दुसऱ्या कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचे पडदे शिवत होत्या. निळ्या जाड कापडाला चुण्या घालताना त्यांना वाटलं, दिव्याच्या आड कुणीतरी येऊन उभं राहिलं. मान वळवून पाहिलं तर कुणी नाही. मग डोळ्याच्या खालच्या कडेने काळं पाणी चढावं तसं काहीतरी वर येत गेलं. त्यांनी मशीन थांबवलं, सुई वर घेतली, कापडाची नीट घडी घातली आणि मगच नवऱ्याला हाक मारली. कापड गिऱ्हाइकाचं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा मागच्या भिंतीपासून सुटलाय, ऑपरेशन लगेच करावं लागेल. काकू म्हणाल्या, "जन्मभर लोकांचे पडदे टांगले, आणि माझ्याच घरचा हुक निसटला." डॉक्टर हसले. शेजारी उभे असलेले मास्तर हसले नाहीत.

मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, त्याला धीर द्यायचा आणि आपल्या पायाशी असलेल्या जादा ब्रेकवर पाय तयार ठेवायचा, हे काम. मास्तर निवृत्त झाले तरी त्यांचा उजवा पाय निवृत्त झाला नव्हता. समोरचा माणूस काही भलतं बोलायला लागला की तो पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी पुढचं समजावलं. डोळ्यात हवेचा एक बुडबुडा सोडला होता. बुडबुडा नेहमी वर जातो. त्याने मागचा पडदा भिंतीला दाबून धरायचा, तर ती भिंत वर यायला हवी, म्हणजेच तोंड खाली हवं. जेवताना, झोपताना, बोलताना, कायम. आम्ही सांगेपर्यंत मान वर करायची नाही.

"म्हणजे दिसायचं असेल तर जमिनीकडे बघत राहायचं," मास्तर म्हणाले.

"अगदी बरोबर."

"बरं," मास्तर म्हणाले. पाय हलला नाही.

मास्तरांनी एवढ्या मुकाट्याने काही मान्य केल्याचं काकूंनी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांच्या घरात मान्य करणं ही गोष्टच मागे पडली होती. पन्नाशी उलटल्यावर एकदा काकू बाजारामागच्या छोट्या प्रार्थनागृहात पडदे लावायला गेल्या. काम संपल्यावर तिथली उपासना सुरू झाली, म्हणून मागच्या बाकावर जरा टेकल्या आणि बसूनच राहिल्या. पुढच्या आठवड्यात पडदे नव्हते तरी गेल्या. वर्षभराने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मास्तर गेले नाहीत.

मास्तर आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी शांतपणे नाकाबंदी केली. ते बायबल माझ्यासमोर उघडायचं नाही. त्या प्रार्थनागृहाच्या मंडळीतलं कुणी आपल्या घरात येणार नाही. रविवारी सकाळी काकू तयार व्हायला लागल्या की रेडिओचा आवाज वाढायचा. मास्तरांचे थोरले भाऊ आणि वहिनी समजावायला येऊन गेले, आणि मग येईनासे झाले. जेवणाच्या टेबलावर मात्र मास्तर वाद घालायचे. जे पटत नाही त्याचा पिच्छा सोडायचा नाही, हा स्वभावच.

सुरुवातीला काकू अडखळायच्या. मग त्यांना बाई भेटल्या. बाई मंडळीतल्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशी तयार असायचं. मास्तरांचा प्रश्न घेऊन काकू त्यांच्याकडे जायच्या आणि उत्तर घोकून घरी यायच्या. हळूहळू वादात काकू जिंकायला लागल्या. मास्तर ताट उचलून आत जायचे. पुढे पुढे प्रश्नच यायचे बंद झाले आणि टेबलावर नुसता चमच्यांचा आवाज राहिला. येशूने वाहिला तसा हा आपल्या वाट्याचा वधस्तंभ आहे, असं काकू स्वतःला सांगायच्या. छळ सोसणाऱ्याला पुस्तकात धन्य म्हटलंय हे आठवून त्यांना आतून थोडं बरंही वाटायचं.

आता त्या पलंगावर पालथ्या पडून होत्या. मास्तरांनी उशा रचून कपाळापुरता आधार केला होता, चेहरा पलंगाच्या कडेबाहेर येईल असा. नुकतीच बाळंत झालेली मुलगी लांबच्या गावी होती, तिला येणं शक्य नव्हतं. सगळं मास्तरच करत होते. डोळ्यात थेंब घालायचे, भात मऊ करून चमच्याने भरवायचे, चहाच्या कपात नळी घालून कप खालून धरायचे. कशात चूक नाही, की कुरकुर नाही. काकूंना त्यांचा चेहरा दिसायचा नाही. दिसायची फरशी आणि त्यांचे पाय. करड्या मोज्यांच्या एका अंगठ्याला भोक पडलं होतं.

पडून पडून काकूंना सगळ्यात जास्त उणीव वाचनाची भासली. एका दुपारी धीर करून त्यांनी विचारलं, बाईंना वाचून दाखवायला बोलावू का. उजवा पाय फरशीवर घट्ट दाबला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारची भांडी आवरून मास्तर खोलीत आले आणि म्हणाले, "त्यांची काही गरज नाही. मी वाचतो."

शत्रूला घरात घेण्यापेक्षा शत्रूचं पुस्तक परवडलं, असा त्यांचा हिशेब असावा. ते खुर्चीत बसले आणि एखाद्या यंत्रासोबत आलेली सूचनापत्रिका वाचावी तसे वाचू लागले. पण काकूंचे कान उशांत बुडालेले. त्या सारखं "काय म्हणालात?" विचारायला लागल्या. शेवटी मास्तर वैतागून उठले, एक उशी खाली टाकली, कटाकट गुडघे वाजवत फरशीवर बसले आणि उताणे आडवे झाले. डोकं बरोबर काकूंच्या चेहऱ्याखाली.

"आता ऐकू येतं?"

काकू म्हणाल्या, येतं. इतक्या वर्षांत त्यांचे चेहरे इतके जवळ आले नव्हते. मास्तरांच्या भुवया पांढऱ्या कधी झाल्या, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तेवढ्यात पुस्तक हातातून निसटून मास्तरांच्या नाकावर आपटलं. काकूंना हसू आवरेना, आणि मान हलवायची नाही म्हणून हसताही येईना.

मग रोज दुपारी तोच क्रम सुरू झाला. मास्तर थोडं वाचायचे आणि अडायचे. जीव वाचवायला जाल तर गमवाल आणि गमवाल तर मिळेल, हे वाचून ते म्हणाले, मी हे शिकाऊंना शिकवलं असतं तर स्कूलला टाळं लागलं असतं. शेवटचे पहिले होतील, ठीक, मग पहिल्यांनी जायचं कुठे? जो मोठा असेल त्याने सगळ्यांचा नोकर व्हावं, मग मोठं व्हायची भानगडच कशाला? "अगं, एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो हा. याला धड काय म्हणायचंय?"

काकूंच्या जिभेवर बाईंचं उत्तर तयार होतं. त्याहून सरस, त्यांचं स्वतःचंही होतं. दिसायचं तर जमिनीकडे बघा, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कसं गुमान पटलं तुम्हाला? एका वाक्यात मास्तर गप्प झाले असते. त्यांनी तोंड उघडलं, आणि खालचा चेहरा पाहिला.

इतके दिवस वाद टेबलाच्या दोन टोकांना बसून झाले होते. वाद घालताना त्यांचा चेहरा इतक्या जवळून काकूंनी कधी बघितला नव्हता. तो उत्तराची वाट बघत नव्हता. मार बसणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखे मास्तरांनी डोळे किंचित बारीक केले होते.

काकूंनी वाक्य गिळलं.

"मलाही नाही कळलेलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कळल्यासारखं वाटतं, आणि मग निसटतं."

 बाईंनी सांगितलं असेल की, असं मास्तर म्हणाले. काकू म्हणाल्या, सांगितलं, पण ते बाईंना कळलेलं. मास्तरांनी चष्मा सारखा केला आणि न सांगता पुढचं पान वाचायला घेतलं. त्या दिवशी चहा गार झाला तरी वाचन चाललं होतं.

वधस्तंभाचा भाग आला त्या दुपारी मास्तरांचा आवाज सूचनापत्रिकेसारखा राहिला नव्हता. खाली उभे राहून टोमणे मारणाऱ्या लोकांपाशी ते थांबले. याने दुसऱ्यांना वाचवलं, मग आता स्वतःला का वाचवत नाही, असं ते लोक म्हणतात. मास्तर म्हणाले, "हे तर मी विचारलं होतं. तुझ्या बाप्तिस्म्याच्या वर्षी. अगदी याच शब्दांत."

"आठवतं मला."

"म्हणजे मी या लोकांतला."

 तुम्ही त्या टोमणे मारणाऱ्यांतलेच, असं आपण त्या वर्षी त्यांना सुनावलं होतं, हेही काकूंना आठवलं.

मास्तर पुढे वाचत गेले. येशू मरताना मोठ्याने ओरडून देवाला विचारतो की तू मला का सोडलंस. तिथे ते पुन्हा थांबले. त्यांनी ती ओळ मनातल्या मनात परत वाचली असावी, कारण त्यांचे ओठ हलत होते.

"हा देवाचा मुलगा ना? मग हाच देवाला विचारतो, का सोडलंस म्हणून?"

"हो."

"आणि उत्तर?"

"येत नाही." काकूंचा आवाज बारीक झाला. "अहो, माझा डोळा गेला ना, त्या दुपारी दवाखान्यात तुम्ही कागदावर सह्या करत होतात तेव्हा मी पण हेच विचारत होते. मलाही काही उत्तर आलं नाही. कुणाला सांगितलं नाही मी. बाईंनाही नाही."

"मग तरी धरून कशी राहिलीस?"

"माहीत नाही."

बाहेर कुणाची तरी गाडी मागे घेताना घरघरली आणि थांबली. मास्तरांनी पुस्तक छातीवर पालथं ठेवलं.

"पण विचारतोय तर त्यालाच," ते सावकाश म्हणाले. "दुसऱ्या कुणाला नाही. परक्याला कोण विचारतं, का सोडून गेलास म्हणून? ज्याला आपलं मानलं त्यालाच विचारतो माणूस." ते थांबले. मग छताकडे बघत, काकूंकडे न बघता, म्हणाले, "मी तुला तेच विचारत होतो. इतकी वर्षं. मला ते नीट विचारता आलं नाही, म्हणून मी देवावर वाद घालत बसलो. तू तिकडे गेलीस आणि इथे मी एकटाच राहिलो, एवढंच होतं ते. आणि तू दर वेळी मला उत्तर आणून देत होतीस."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. पालथ्या माणसाच्या गालांवरून अश्रू ओघळत नाहीत, सरळ खाली पडतात. पहिला थेंब मास्तरांच्या चष्म्यावर पडला. दुसरा कपाळावर. मास्तर दचकून कोपरांवर उठायला गेले.

"रडलेलं चालतं का डोळ्याला?"

"मान वर करू नका म्हणालेत. रडू नका नाही म्हणाले."

"विचारून घ्यायला हवं होतं," मास्तर म्हणाले, आणि तसेच पडून राहिले. मग हात वर करून, डोळ्यावरच्या झाकणाला धक्का लागणार नाही अशा बेताने, अंगठ्याने त्यांनी काकूंच्या नाकाचा शेंडा पुसला. काकू म्हणाल्या, मी तुम्हाला सोडून गेले नव्हते. मास्तर म्हणाले, आता कळतंय. थोड्या वेळाने काकूच पुन्हा म्हणाल्या, "थोडी गेले होते. जिंकायला आवडायला लागलं होतं मला."

दोन दिवसांनी मास्तरांनी आपणहून बाईंना फोन केला. बाई फळं घेऊन आल्या आणि दारात क्षणभर घुटमळल्या. त्या घराचा उंबरठा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि सरळ विषयालाच हात घातला. देवाने स्वतःच्या मुलाला का सोडलं? बाईंचं उत्तर तयार होतं आणि ते सुरेख होतं, एकातून एक मुद्दा निघत जाणारं. मास्तर शेवटपर्यंत ऐकत राहिले. पाय एकदा हलला, पण त्यांनी तो आवरला.

मग पलंगावरून आवाज आला. "बाई, हे उत्तर मला पाठ होतं. डोळा गेला तेव्हा त्यातला एक शब्द आठवला नाही. मी नुसती विचारत राहिले. आणि मला वाटतं, त्या वेळी मी त्याच्या जितकी जवळ होते तितकी उत्तर देताना कधीच नव्हते. हे कसं ते मला सांगता यायचं नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या तोंडावर शाळेतला तो ठामपणा आला, आणि आला तसा गेला.  खुर्चीवरून उठल्या, गुडघे सावरत फरशीवर बसल्या आणि काकूंचा लोंबणारा हात हातात घेऊन बसून राहिल्या. मास्तर उरलेला चहा गरम करायला आत गेले.

डोळा वाचला, पण पुरता नाही. डॉक्टरांनी मान वर करायला सांगितली तेव्हा काकूंना खिडकीची सरळ चौकट मधोमध वाकलेली दिसली. हे असंच राहील कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. काकू आता शिवताना उजव्या डोळ्यावर आणि बोटांवर भिस्त ठेवतात. जाड कापडाची कामं त्या घेत नाहीत. मास्तर दोरे ओवून सुया रांगेत टोचून ठेवतात आणि पडदे टांगायला स्वतः शिडीवर चढतात, खाली उभं राहून काकूंनी कितीही ओरडा केला तरी.

मास्तरांनी विश्वास ठेवला का, असं बाई एकदा हळूच विचारून गेल्या. काकूंनी नाही म्हणून सांगितलं. वाद तर रोज होतात. पण आता काकू पुष्कळदा हरतात, आणि कधी कधी दोघंही एकाच वाक्याशी अडून गप्प बसतात. ते गप्प बसणं काकूंना कुठल्याही प्रार्थनेपेक्षा कमी वाटत नाही. हे मात्र त्यांनी बाईंना सांगितलं नाही.

मान वर केल्यानंतरच्या पहिल्या रविवारी काकू तयार होऊन दाराशी आल्या. एका डोळ्याने पायरीचा अंदाज येत नव्हता म्हणून मास्तर कोपराला धरून त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आले. तुम्ही येणार का, असं काकूंनी विचारलं नाही. मास्तरांनी त्यांची पिशवी त्यांच्या खांद्यावर नीट अडकवली.

"जाऊन ये," ते म्हणाले. "आणि आज काय सांगतात ते ऐकून ये नीट. मला पटणार नाहीच. पण सांग."